तेगुक सा जांग म्हणजे 'थंडर', पण मग पूमसेत थंडर कुठंय?

प्रश्न वाचला दादा. तुमची मुलगी अकरा वर्षांची, ब्लू बेल्टच्या परीक्षेत तिने तेगुक सा जांग, म्हणजे तेगुक मालिकेतला चौथा पूमसे (ठरलेल्या हालचालींचा क्रम), नीट केला, मग परीक्षकांनी अर्थ विचारला, ती म्हणाली 'थंडर', त्यांनी पुढे विचारलं 'मग तू आत्ता जे केलंस त्यात थंडर कुठे होता?' आणि ती गप्प झाली, घरी येऊन रडली. त्यावरून तुमचे तीन प्रश्न आहेत. हे तत्त्वज्ञान खरंच हालचालीत आहे का वरून चिकटवलंय, तिच्या मामेभावाच्या क्लासमध्ये तेगुक नाहीच, चॉन-जी, दान-गुन असलं काहीतरी शिकवतात ते का, आणि ही चिन्हं धार्मिक आहेत का.

मी बावीस वर्षं तायक्वांदो शिकवतेय. सुरुवात मामेभावाच्या बाजूने केली, म्हणजे चॉन-जी वाल्या, आणि नंतर तेगुकवाल्या बाजूला आले, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकते. किती खोलात जायचं हे मुलीच्या वयावर, तिच्या सरांच्या पद्धतीवर आणि परीक्षक काय विचारतात त्यावर आहे, त्यामुळे मी सांगते तेच उत्तर पुढच्या परीक्षेत चालेल अशी खात्री देऊ शकत नाही. पण मला वाटतं तिची अडचण पाठांतराची नाहीच आहे. तिला शब्द दिला गेला, तो अंगात कुठे उतरतो ते कुणी दाखवलं नाही. हे खूप क्लासमध्ये होतं, आणि परीक्षकांचा प्रश्न माझ्या मते एकदम रास्त होता, फक्त तो परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडायला नको होता.

आधी चिन्ह समजून घेऊ. दक्षिण कोरियाचा झेंडा काढून समोर ठेवा. मधलं वर्तुळ, वर लाल खाली निळं, त्यालाच तेगुक म्हणतात, यांग आणि उम, म्हणजे तापलेलं आणि थंड, ढकलणारं आणि सामावून घेणारं. चार कोपऱ्यांत काळ्या रेघांचे गट आहेत, काही रेघा अखंड काही मधे तुटलेल्या. डावीकडे वर तीन अखंड, ते आकाश. त्याच्या बरोबर तिरकं समोर, उजवीकडे खाली, तीन तुटक, ती जमीन. उजवीकडे वर पाणी, डावीकडे खाली अग्नी. झेंड्यावर चारच आहेत पण असे एकूण आठ गट होतात कारण तीन रेघा आणि प्रत्येकीला दोनच पर्याय. रेघा खालून वर वाचायच्या, खालची जमिनीची, वरची आकाशाची आणि मधली माणसाची. आठ तेगुक पूमसे म्हणजे हेच आठ गट. चालताना जमिनीवर जो नकाशा होतो तो पण तीन आडव्या पट्ट्यांचा असतो, मधून एक उभी रेघ.

आता तुम्ही प्रोफाइलवर सॉफ्टवेअरमध्ये आहात असं लिहिलंय म्हणून हे सांगते, मुलीला पण आवडेल. अखंड रेघेला १ म्हणा, तुटकीला ०, आणि खालून वर वाचा. इल जांग आकाश, १११. ई जांग तळं, ११०. साम जांग अग्नी, १०१. सा जांग गडगडाट, १००. ओ जांग वारा, ०११. युक जांग पाणी, ०१०. चिल जांग डोंगर, ००१. पाल जांग जमीन, ०००. सातापासून शून्यापर्यंत सरळ उतरती बायनरी आहे, एकही आकडा चुकत नाही! पूमसेचा नंबर आणि त्याच्या रेघांची किंमत मिळवली की बेरीज नेहमी आठ येते. ही रचना मूळ चिनी आहे, आठ गट लावायचा जुना क्रम आहे तो, आणि लायब्निट्झ हा युरोपियन गणिती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हाच क्रम बघून थक्क झाला होता कारण तो स्वतः बायनरीवर काम करत होता. मी वर्गात फळ्यावर हे लिहिते तेव्हा मुलं आठही चिन्हं दहा मिनिटांत स्वतः काढून दाखवतात, पाठ करावी लागत नाहीत.

बरं, आता सा जांग. त्याचं चिन्ह १००, कोरियन नाव जिन. खाली एक भरीव रेघ, वर दोन पोकळ. म्हणजे जोर सगळा तळाला आहे आणि वर मोकळं आहे. गडगडाट जमिनीखालून उसळून येतो असं हे चित्र आहे. याच्या जोडीला जो अर्थ शिकवतात तो भीतीचा आहे, आभाळ कडाडलं की माणूस दचकतो, पण कडकडाट ओसरतो, आणि शांत राहिलेला माणूस उभा असतो. आता हे हालचालीत बघा. इल जांग आणि ई जांगमध्ये मूल जवळजवळ चालत्या पायांनीच उभं असतं, आप सोगी, कधीमधी आप गुबी, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब पाऊल. सा जांग सुरू होतो तोच द्वित गुबीत, वजन मागच्या पायावर, दोन्ही हात सुरीसारखे, सोन्नाल माक्गी. म्हणजे पहिल्याच हालचालीला तुम्ही मागे बसलात, समोरचा काय करतोय ते बघताय, आणि लगेच पुढे पाऊल टाकून बोटांच्या टोकांनी सरळ भोसकायची हालचाल. शांत, आणि मग एकदम. पुढे एकामागोमाग दोन साइड किक आहेत, डावी मग उजवी, मधे थांबायला जागाच नाही.

पण माझ्या मते खरा थंडर त्यानंतर आहे, वळून परत येताना. मूल मागच्या पायावर बसून हात बाहेरच्या बाजूला नेऊन ब्लॉक करतं, मागचा पाय उचलून फ्रंट किक मारतं, आणि तो पाय पुढे न टाकता परत मागे आणतं, परत द्वित गुबी, आणि आतल्या बाजूचा ब्लॉक. शंभरातली नव्वद मुलं इथे पुढे पडतात. किकने शरीर पुढे ओढलेलं असतं आणि मनाने मूल आधीच पुढच्या हालचालीवर गेलेलं असतं. ज्याचा जमिनीवरचा पाय घट्ट रुतलेला आहे आणि खांदे सैल आहेत तोच किक मारून जिथे होता तिथे परत बसतो. खालची रेघ भरीव, वरच्या दोन पोकळ. बघितलंत? आता तुमच्या मुलीला विचारा थंडर कुठंय, ती टाच दाखवेल.

हे पूर्ण माझं वाचन आहे हे प्रामाणिकपणे सांगते, ही टाचेची गोष्ट मला वर्गात शिकवता शिकवता सुचली आणि मुलांच्या पायात फरक दिसला म्हणून ठेवली. चिन्ह, त्याचं नाव, भीती आणि शांतपणा हा अर्थ, हे सगळं परंपरेतलं आहे. रेघ आणि टाच जोडणं माझं.

चिल जांगबद्दल पण लिहायलाच हवं कारण तिला तो पुढे येणारच आहे. चिल जांग म्हणजे डोंगर, गान, थांबणं. त्यात मधोमध एक जागा आहे, पाय जुळवून सरळ उभं राहायचं, उजवी मूठ डाव्या पंजाने झाकायची आणि सावकाश हनुवटीपर्यंत आणायची, बो जुमोक म्हणतात. हल्ला नाही, ब्लॉक नाही, काही नाही. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच चार सिझर ब्लॉक येतात, गावी माक्गी, एका पावलावर दोन दोन, फटाफट. पंधरा वर्षांची एक मुलगी होती माझ्याकडे, फार वेगवान, स्पर्धांमध्ये मेडल आणणारी, ती ही जागा एका सेकंदात उरकायची. मी तिला शंभरदा 'हळू' सांगितलं, ती तेवढ्यापुरती हळू करायची, पण ते हळू चालवलेल्या व्हिडिओसारखं दिसायचं. मग एक दिवस मी तिला म्हटलं हात राहू दे, तू फक्त पाय जुळवून उभी राहा आणि तुझा श्वास बाहेर जाऊन संपेपर्यंत पुढे जाऊ नकोस. तिने केलं. तिचे खांदे खाली आले, मान सरळ झाली आणि पुढचे चारही ब्लॉक असे आले की हॉलमधली बाकीची पोरं थांबून बघायला लागली. तिला डोंगर हा शब्द आधीपासून माहीत होता, तीन वर्षं पाठ होता.

हे नुसतं मनाचं समाधान नाहीये हे पण सांगते. पूमसेच्या स्पर्धेत दहापैकी चार गुण अचूकतेला असतात आणि सहा सादरीकरणाला, त्यात वेग आणि ताकद, लय, आणि ऊर्जा व्यक्त करणं असे तीन भाग, प्रत्येकी दोन गुण. लय आणि ऊर्जा या चार गुणांमध्ये पंच बघतात ते हेच, कुठे दाबून धरलं, कुठे सोडलं, कुठे खरंच थांबलं. अर्थ न कळलेलं मूल सगळा पूमसे एकाच पट्टीत करतं.

आता तुमचा अवघड प्रश्न, वरून चिकटवलंय का. सरळ उत्तर देते कारण आपल्याकडे याबद्दल फार मोठमोठं बोललं जातं. कल्पना जुन्या आहेत, पूमसे नवीन आहेत. कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता. स्वातंत्र्याच्या आसपास कोरियात ज्या शाळा उघडल्या, चुंग दो क्वान, सोंग मू क्वान, मू दुक क्वान वगैरे, तिथल्या शिक्षकांपैकी बरेच जण जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते, आणि ते शिकवायचे ते फॉर्म म्हणजे कराटेचे 'काता'च, फक्त कोरियन उच्चारात, प्योंग-आन, चुल-गी. तायक्वांदो हे नाव १९५५ मधलं. मग आपले स्वतःचे फॉर्म हवेत म्हणून आधी १९६० च्या दशकात फालग्वे मालिका आली, फालग्वे म्हणजेच आठ चिन्हं, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेगुक. म्हणजे तुमच्या मुलीचा सा जांग साधारण पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे, दोन हजार वर्षांचा नाही. नुकतीच परकी सत्ता गेलेल्या देशाने आपल्या झेंड्यावरचं चिन्ह उचलून मुलांच्या पायाखाली नकाशा म्हणून ठेवलं, हा हेतू मला खूप खरा वाटतो आणि तो लपवायची काहीच गरज नाही. प्रत्येक हालचाल चिन्हाशी जुळते का? नाही. साम जांगमधला प्रत्येक ठोसा म्हणजे ज्वाला असं कुणी सांगितलं तर ते ओढून ताणून आहे. पण प्रत्येक पूमसेत एक-दोन जागा अशा असतात जिथे चिन्ह आणि शरीर खरंच एकमेकांना भेटतात, आणि चांगला कोच त्या जागा दाखवतो.

मामेभावाचं प्रकरण वेगळं आहे. तो आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) पद्धत शिकतोय, १९६६ मध्ये जनरल चोई होंग ही यांनी सोलमध्ये सुरू केलेल्या संघटनेची. तुमच्या मुलीची पद्धत १९७२ मध्ये सोलला उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य केंद्राची. तिकडे फॉर्मला तुल म्हणतात, तुल म्हणजे साचा, आणि ते २४ आहेत, दिवसाच्या चोवीस तासांवरून. पहिला चॉन-जी, म्हणजे आकाश आणि पृथ्वी, तिथे पण सुरुवात तीच बघा. पण त्यानंतर रस्ता बदलतो, तुमच्या मुलीकडे निसर्ग आहे, त्याच्याकडे माणसं आहेत. राजे, भिक्षू, विद्वान, क्रांतिकारक. आणि तिथे हालचालींच्या संख्येत अर्थ ठेवलाय. साम-इल मध्ये ३३ हालचाली, कारण १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या. से-जोंग मध्ये २४, कोरियन लिपीत आज २४ अक्षरं आहेत म्हणून, आणि ही लिपी राजा सेजोंगच्या काळात आली.

यातला जुंग-गुन मला सगळ्यात जवळचा. आन जुंग-गुन यांनी ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर इतो हिरोबुमी या जपानी नेत्याला गोळ्या घातल्या आणि २६ मार्च १९१० ला त्यांना फाशी झाली. तुलमध्ये ३२ हालचाली आहेत, त्यांच्या वयाच्या. एका विद्यार्थ्याने मला विचारलं की मॅडम जन्म सप्टेंबर १८७९ चा, मग फाशीच्या वेळी वय तीस होतं, बत्तीस कसं? मला उत्तर येत नव्हतं, शोधावं लागलं. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि नवीन वर्ष लागलं की सगळ्यांचंच वय एकने वाढतं. तसं मोजलं की बरोबर बत्तीस येतात. म्हणजे एका आकड्यात त्या समाजाची वय मोजायची रीतसुद्धा जपली गेली. हे कळल्यावर त्या मुलाने तो तुल एकेक हालचाल मोजत केला, घाई न करता.

पण इथेच सावध पण राहा. वॉन-ह्यो नावाच्या तुलच्या छापील व्याख्येत लिहिलेलं असतं की या भिक्षूने ६८६ साली सिला या जुन्या कोरियन राज्यात बौद्ध धर्म आणला. मी हे वाक्य कितीतरी परीक्षांत म्हटलंय आणि पुढे मुलांकडून म्हणवूनही घेतलंय. खरं म्हणजे ६८६ हे वॉन-ह्यो यांच्या मृत्यूचं साल, आणि सिलात बौद्ध धर्माला राजमान्यता त्यांच्या जन्माच्याही आधी, सहाव्या शतकात मिळाली होती. त्यांचं मोठेपण यात आहे की पंडितांपुरता राहिलेला धर्म त्यांनी साध्या लोकांपर्यंत नेला. त्यांची एक कथा सांगतात, प्रवासात रात्री अंधारात तहान लागली, चाचपडत एका भांड्यातलं पाणी प्यायले, गोड लागलं, सकाळी बघतात तर ती माणसाची कवटी, आणि पोटात ढवळून आलं. पाणी तेच होतं, बदललं ते मन. ही कथा एका दहा वर्षांच्या मुलाला सांगा आणि ६८६ वालं वाक्य पाठ करायला द्या, काय लक्षात राहतं बघा. हे कळल्यापासून मी व्याख्या पाठ करून घेणं बंद केलं.

नावांमध्ये राजकारण पण असतं. १९८० च्या दशकात चोईंनी को-दांग नावाचा तुल काढून जुचे आणला, को-दांग हे चो मान-शिक या राष्ट्रवादी नेत्याचं टोपणनाव आणि जुचे ही उत्तर कोरियाची विचारसरणी. आज आयटीएफच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये काहीजण हे करतात काहीजण ते. मामेभाऊ वरच्या बेल्टला पोचला की त्याला हा प्रश्न पडेल, तेव्हा घरी बोलता येईल.

धर्माचं विचारलंत. हा प्रश्न माझ्याकडे सगळ्या धर्मांचे पालक विचारतात आणि मी कुणालाच हलकं घेत नाही. आठ चिन्हं ही पूजेची गोष्ट नाही, निसर्गाकडे बघायची जुनी चिनी रीत आहे, कोरियात ती राष्ट्रध्वजावर आहे. झेंड्याला आणि सरांना वाकणं हा आदर आहे. पुढे ब्लॅक बेल्टच्या पूमसेंमध्ये मात्र बौद्ध खुणा येतात हे खरं, आणि त्या आपल्याला परक्या पण नाहीत. कुमगांग नावाचा पूमसे आहे, कुमगांग म्हणजे आपलं संस्कृत वज्र, चिनी भाषांतरातून कोरियात गेलेलं. त्यात एका पायावर उभं राहून एक हात वर एक हात खाली असा ब्लॉक आहे, आणि ग्योंगजूजवळच्या सोकगुराम लेण्यात दाराशी जे वज्र रक्षक कोरलेत त्यांच्याशी त्याचं नातं सांगतात. आणि सगळ्यात शेवटचा, इल्यो, तो चालताना जमिनीवर जी आकृती होते ती स्वस्तिक, बौद्ध पद्धतीचं, आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेचं. इल्योचा अर्थ मन आणि शरीर एक होणं, आणि हा विचार त्याच वॉन-ह्योंचा. म्हणजे मामेभाऊ ज्यांचं नाव सुरुवातीच्याच बेल्टला घेतो त्यांच्यापाशी तुमची मुलगी सगळ्यात शेवटी पोचणार! कुठल्याही पालकांना यात अडचण वाटली तर सरांशी मोकळेपणाने बोलावं, हालचाल म्हणून पूमसे करणारी मुलं माझ्याकडे आहेत आणि मी कधी अडवलेलं नाही.

म्हणजे थोडक्यात, चिन्ह जुनं, पूमसे नवीन, दोन्ही खरं आहे. सगळ्या हालचालींत अर्थ शोधू नका, एक जागा शोधा.

आता घरी काय करायचं ते. हॉलमध्ये मोकळी जागा करा, सा जांग पूर्ण करायला लावू नका, फक्त तेवढा तुकडा, ब्लॉक, किक, पाय परत मागे, ब्लॉक. कपाळावर आठी न आणता करायला सांगा. पाय परत येताना मागच्या टाचेखाली जमीन लागतीये का एवढंच बघायचं, दोन्ही बाजूंना दहा दहा वेळा पुरे, रोज नको, एक दिवसाआड. रडली होती त्या प्रश्नाचा उल्लेख तुम्ही स्वतःहून काढू नका. तिचा पुढचा ओ जांग आहे, वारा, ०११, म्हणजे खालची रेघ पोकळ आणि वरच्या दोन भरीव, सा जांगच्या बरोबर उलट. त्यात मूठ हातोड्यासारखी वरून खाली येते आणि मधे कोपर आहे. अर्थ सांगू नका तिला. चिन्ह कागदावर काढून द्या आणि विचारा की तुझ्या पूमसेत वारा कुठंय, दोन दिवस विचार करू दे. काय म्हणाली ते इथे नक्की लिहा, माझ्या वर्गातल्या मुलांनी आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या जागा दाखवल्यात.